वाचकाचा हक्क आणि मुद्रिकेचा मोह

२०२२ सालच्या सप्टेंबर महिन्यातील एक रविवार. सायंकाळची मिस्सा आटोपल्यावर धर्मग्रामातील युवक संघाची पाच-सहा मुले आमच्या निवासाच्या ओसरीवर गप्पा मारीत बसली होती. विषय होता नुकत्याच सुरू झालेल्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ह्या दूरचित्रवाणी मालिकेचा. जे. आर. आर. टॉल्किन ह्या इंग्रज लेखकाच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या विख्यात अद्भुतकथेच्या पूर्वेतिहासावर ती बेतलेली आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा एक युवक विलक्षण संतापला होता. "फादर, ह्या लोकांनी आमची कथा चोरली," असे म्हणून त्याने मालिकेतील चुका एकामागून एक मोजून दाखवल्या. त्यांतल्या बऱ्याचशा खऱ्याही होत्या. मात्र बोलण्याच्या भरात मालिकेतील एका कृष्णवर्णी अभिनेत्रीविषयी तो असे काही बोलून गेला की, ओसरीवर क्षणभर शांतता पसरली.

त्याच्या त्या शेवटच्या वाक्याविषयी पुढे लिहिणारच आहोत. परंतु त्या रात्री आमच्या मनात अधिक रुतला तो 'आमची कथा' हा शब्दप्रयोग. कारण तो एके काळी आमचाही होता. सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत असताना ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात आम्हाला ह्या ग्रंथाचे तीन जाड खंड सापडले, आणि पुढचे कित्येक आठवडे आम्ही शरीराने वर्गात व मनाने मध्यभूमीत वावरत होतो. त्या कथेतील डोंगर, नद्या, पायवाटा आम्ही आमच्या मनात उभ्या केल्या. त्यावर आमचा काही हक्क निर्माण झाला काय? झाला असल्यास तो केवढा? प्रिय ग्रंथाचे पडद्यावर रूपांतर होते तेव्हा वाचकाने नेमकी कशाची अपेक्षा धरावी? ह्या प्रश्नांना गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो मनोरंजक तर आहेच, पण आत्मपरीक्षण करावयास लावणाराही आहे.

अपेक्षेतून जन्मलेला ग्रंथ

ह्या इतिहासाची सुरुवातच मुळी वाचकांच्या अपेक्षेपासून होते. ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या टॉल्किन ह्यांचे 'द हॉबिट' हे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक सप्टेंबर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. बिल्बो नावाचा एक बुटका, घरकोंबडा, खाण्यापिण्याचा शौकीन हॉबिट बाहेर पडतो आणि ड्रॅगनच्या गुहेपर्यंत जाऊन परत येतो, अशी ती कथा. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती वर्षअखेरच्या आत संपल्या. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन ह्यांनी लेखकास कळवले की, वाचक आता आणखी हॉबिटांची मागणी करतील. टॉल्किन ह्यांच्या मनात वेगळेच होते. तरुणपणापासून जपलेल्या पुराणकथांचा संग्रह त्यांना छापून हवा होता. तो प्रकाशकाने स्वीकारला नाही, म्हणून डिसेंबर १९३७ मध्ये त्यांनी नव्या हॉबिट-कथेचे पहिले प्रकरण लिहावयास घेतले.

वाचकांनी मागितली होती मुलांसाठी आणखी एक गंमतीची गोष्ट. त्यांच्या हाती १९५४ व १९५५ साली तीन खंडांत जे पडले ते सर्वस्वी निराळे होते. बिल्बोला वाटेत सापडलेली एक साधी जादूची अंगठी ही वस्तुतः जगावर सत्ता गाजविण्यासाठी दुष्ट सॉरोनने घडविलेली मुद्रिका आहे. ती वापरणे म्हणजे तिचे गुलाम होणे. आणि म्हणून ती वापरण्याऐवजी अग्निपर्वतात टाकून नष्ट करावयाची आहे. हे काम बिल्बोचा वारस फ्रोडो आणि त्याचा सेवक सॅम ह्या दोन क्षुल्लक जीवांच्या वाट्याला येते. महायुद्धाच्या काळात लिहिलेला, मृत्यू, मोह आणि दया ह्यांचा विचार करणारा हा ग्रंथ वाचकांची मागणी अक्षरशः पुरी करीत नव्हता. तिच्यापेक्षा फार मोठे काही तो देत होता.

ह्यासाठी टॉल्किन ह्यांनी स्वतःच्याच जुन्या पुस्तकात फेरफार केला, हेही येथे नमूद केले पाहिजे. 'द हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा प्राणी कोड्यांची पैज हरल्यावर बिल्बोची क्षमा मागून त्याला बाहेरची वाट दाखवतो. नव्या ग्रंथात मुद्रिकेचे स्वरूप भयंकर झाल्यामुळे हे जुळेना. तेव्हा १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलण्यात आले, आणि जुनी हकीकत ही बिल्बोने मारलेली थाप होती, असा खुलासा कथेतच गुंफण्यात आला. मूळ कथेत काडीचाही बदल होता कामा नये, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

पहिला असंतुष्ट वाचक

तथापि दुसऱ्यांनी केलेल्या बदलांविषयी टॉल्किन फार हळवे होते. १९५५-५६ साली बीबीसीने ह्या ग्रंथाचे बारा भागांत नभोनाट्य सादर केले. पहिल्या खंडाला सहा भाग मिळाले आणि उरलेले दोन खंड मिळून आणखी सहा लहान भागांत कोंबले गेले. लेखक नाराज झाले. हा ग्रंथ नाट्यरूपाला मानवणारा नाही, असे त्यांचे मत बनले.

पुढे १९५७ साली अमेरिकेतील काही मंडळी अ‍ॅनिमेशनपटाचा प्रस्ताव घेऊन आली. त्यांनी आणलेली चित्रे टॉल्किन ह्यांना आवडली. व्यवहाराबाबत लेखक व प्रकाशक ह्यांनी एक सरळ धोरण ठरविले होते: भरपूर पैसा तरी मिळावा, नाही तर आक्षेपार्ह बदल रोखण्याचा पूर्ण अधिकार तरी लेखकाकडे असावा. परंतु मॉर्टन ग्रेडी झिमरमन ह्यांनी लिहिलेली पटकथा हाती आली आणि १९५८ च्या जून महिन्यात टॉल्किन ह्यांनी तिच्यावर मुद्देसूद, प्रदीर्घ व तिखट टीका लिहून पाठवली. हे पत्र त्यांच्या पत्रसंग्रहात छापले गेले आहे आणि रूपांतराच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे आहे.

त्यांच्या तक्रारी काय होत्या? लढायांना अवाजवी महत्त्व देण्यात आले होते. कथेत अगदी जपून वापरलेले महागरुड पटकथेत वाहनांसारखे वारंवार अवतरत होते. कथेचा काळ आवळून टाकला होता. ग्रंथाचा शेवट कापला होता. आणि एल्फ लोकांची 'लेम्बास' ही भाकरी एखाद्या पौष्टिक सुक्या खाद्यासारखी मानली गेली होती. ह्या शेवटच्या मुद्द्याशी आम्हा कॅथलिक वाचकांचा जवळचा संबंध आहे. टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक होते. आईने १९०० साली कॅथलिक धर्म स्वीकारला आणि १९०४ साली तिचे निधन झाल्यावर बर्मिंगहॅमच्या ओरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन ह्यांनी ह्या अनाथ मुलाचे पालकत्व निभावले. फ्रोडो व सॅम ह्यांना मरणाच्या दारापर्यंत पुरणारी ती भाकरी पोट भरण्यापेक्षा अधिक काही करते. तिच्यात एक प्रकारचा धार्मिक अर्थ दडला आहे, असे त्यांनी संकोचत का होईना, त्याच पत्रात सुचवले आहे. मरणासन्न भाविकाला आम्ही धर्मगुरू जी अखेरची वाटशिदोरी नेऊन देतो, तिची आठवण ज्यांना लेम्बासमुळे झाली, ते वाचक फारसे चुकले नाहीत.

सगळ्यांत महत्त्वाची बाब पुढेच आहे. टॉल्किन ह्यांनी कापाकापीला सरसकट विरोध केला नाही. सारेच सावरता येत नसेल तर घाईघाईने गुंडाळण्यापेक्षा काही भाग साफ वगळावेत, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या खंडातील वृक्षपालकांचे प्रकरण आणि हॉर्नबर्गच्या किल्ल्यावरील लढाई ह्या दोहोंना पुरेशी जागा देता येत नसेल, तर लढाई गाळावी, असे त्यांनी सुचवले. कारण मुख्य कथेच्या दृष्टीने ती गौण होती. ग्रंथाचा गाभा कोठे आहे हे न ओळखल्यामुळे रूपांतरे फसतात, हे त्यांच्या टीकेचे सार आहे. त्यांच्या मते हा गाभा होता मुद्रिका वाहून नेणाऱ्यांचा प्रवास.

तो चित्रपट झाला नाही. १९६९ साली टॉल्किन ह्यांनी चित्रपटाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्स ह्या कंपनीला विकले. २ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

टेकडी कोणाची?

दरम्यान वाचकांची एक शक्ती उभी राहिली होती. १९६५ साली अमेरिकेतील एस बुक्स ह्या कंपनीने स्वामित्वहक्काच्या कायद्यातील फटीचा लाभ घेऊन लेखकाला विचारल्याविना ग्रंथाची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. टॉल्किन ह्यांनी अमेरिकन वाचकांना पत्रोत्तरांतून वस्तुस्थिती कळवली. वाचकांनी ती गावोगाव पोहोचवली, एवढा निषेध झाला की, कंपनीने लेखकाला मानधन देऊन ती आवृत्ती पुन्हा न छापण्याचे मान्य केले. प्रेम करणाऱ्या वाचकांनी आपले बळ लेखकाला न्याय मिळवून देण्यासाठी वापरल्याचा हा सुंदर दाखला आहे.

पण वाचकाच्या प्रेमाचे मूळ कोठे असते? टॉल्किन ह्यांनी परीकथांविषयी १९३९ साली एक व्याख्यान दिले आणि पुढे ते निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी असा विचार मांडला आहे की, अद्भुताचे खरे माध्यम शब्द होय. कथेत टेकडीचा उल्लेख आला की, प्रत्येक ऐकणारा आपण पाहिलेल्या टेकड्यांतून, विशेषतः जी त्याने पहिल्यांदा पाहिली तिच्यातून, आपली टेकडी मनात घडवतो. चित्रकार मात्र स्वतःची एकच टेकडी सर्वांना दाखवतो. वाचकांचा कोप का होतो, ह्याचे इतके नेमके उत्तर अन्यत्र सापडणे कठीण. पडद्यावरची टेकडी कितीही उंच असो, ती आपली नसते.

पुढील काळातील प्रयत्न ह्या कसोटीवर तपासून पाहावेत. राल्फ बक्षी ह्यांचा १९७८ चा अ‍ॅनिमेशनपट कथेच्या साधारण मध्यावर, हॉर्नबर्गच्या लढाईनंतर संपतो. हा पहिलाच भाग आहे हे प्रेक्षकांना नावावरून कळत नव्हते, आणि दुसरा भाग कधी निघाला नाही. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९७७ साली 'द हॉबिट' आणि १९८० साली तिसऱ्या खंडाचे अ‍ॅनिमेशन-रूपांतर गाण्यांसह दाखवण्यात आले. ह्याउलट बीबीसीने १९८१ साली सव्वीस अर्ध्या-अर्ध्या तासांच्या भागांत सादर केलेल्या नभोनाट्याला वाचकांचे प्रेम लाभले. ह्याचे एक कारण आम्हाला स्पष्ट दिसते. नभोवाणीने शब्द आणि स्वर दिले. टेकडी श्रोत्याची त्याच्याकडेच राहू दिली.

आणखी एक छोटीशी हकीकत सांगण्याजोगी आहे. १९९१ च्या एप्रिलमध्ये लेनिनग्राड दूरचित्रवाणीने 'ख्रानितेली' ह्या नावाने पहिल्या खंडाचे दोन भागांतील रूपांतर दाखवले. त्याच वर्षाअखेर सोव्हिएत संघ लयाला गेला आणि ते चित्रीकरणही विस्मरणात गेले. तीस वर्षांनी, २०२१ साली, ते सापडून सर्वांना पाहण्यास खुले झाले. नेपथ्य अगदी तुटपुंजे, वेषभूषा शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी. तरीही जगभरच्या चाहत्यांनी हसत हसत त्याचे स्वागत केले. हजार चुका असलेल्या ह्या गरीब रूपांतराला क्षमा मिळाली. कारण त्याने काही दावा केला नव्हता.

मोठा पडदा

न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन ह्यांनी २००१, २००२ आणि २००३ ह्या लागोपाठच्या वर्षांत तीन चित्रपट आणले. तिन्हींचे मुख्य चित्रीकरण एकत्रितपणे २७४ दिवस चालले. ज्यांची चित्रे वाचक वर्षानुवर्षे पाहत आले होते, त्या अ‍ॅलन ली आणि जॉन हाउ ह्या चित्रकारांना त्यांनी सोबत घेतले. त्यामुळे पडद्यावर शायरचे हिरवे खेडे दिसले तेव्हा असंख्य वाचकांना आपण येथे पूर्वी येऊन गेलो आहोत, असा भास झाला. तिसऱ्या चित्रपटाने अकरा ऑस्कर पारितोषिके मिळवली.

चित्रीकरण सुरू असताना वाचकांच्या अपेक्षेने एक चांगले कामही केले. ग्रंथात फार थोडी दिसणारी राजकन्या आर्वेन तलवार घेऊन हॉर्नबर्गच्या लढाईत उतरणार, अशी बातमी फुटली आणि वाचकांनी एकच गहजब केला. तसे काही चित्रीकरण झालेही होते. अखेरीस ते बाजूला ठेवून, ग्रंथाच्या परिशिष्टात टॉल्किन ह्यांनी लिहिलेल्या आर्वेन व आरागॉर्न ह्यांच्या करुण-मधुर कथेकडे पटकथाकार वळले. वाचकांच्या आग्रहाने रूपांतर मुळाजवळ आले, ते असे.

दोष राहिलेच. रानावनाचा आनंदी स्वामी टॉम बॉम्बाडिल गाळला गेला. ग्रंथात मुद्रिकेचा मोह सहजपणे दूर सारणारा फारामिर चित्रपटात डळमळतो. टॉल्किन ह्यांनी गौण ठरवलेली हॉर्नबर्गची लढाई दुसऱ्या चित्रपटाचा कळस झाली. आणि १९५८ च्या पटकथेत गाळलेला शेवट येथेही गाळला गेला. त्या शेवटात चारही हॉबिट घरी परततात, तेव्हा त्यांचे स्वतःचे खेडे गुंडांनी उद्ध्वस्त केलेले असते आणि ते त्यांना स्वतःच सोडवावे लागते. दूरच्या युद्धातून परतलेल्या प्रत्येक सैनिकाचे दुःख त्या प्रकरणात आहे.

आमच्या मते सर्वांत मोठा बदल अग्निपर्वतावर झाला. ग्रंथात फ्रोडो अखेरच्या क्षणी हरतो. तो मुद्रिका टाकू शकत नाही, ती आपली म्हणून बोटात घालतो. गॉलम त्याचे बोट तोडून ती हिसकावतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन कड्यावरून कोसळतो. पूर्वी बिल्बोने, फ्रोडोने आणि शेवटी सॅमनेही गॉलमला दया दाखवून जिवंत सोडले नसते, तर जग वाचले नसते. माणसाचे बळ संपते तेथे पूर्वी केलेली दया कामास येते, हा त्या ग्रंथाचा प्राण. चित्रपटात दोघांची झटापट होते आणि तीत गॉलम खाली पडतो. फरक दोन-चार क्षणांचाच, पण कृपेच्या जागी कुस्ती येते.

हे आम्ही आजही म्हणू. मात्र त्यासंबंधी एक कबुली देणे भाग आहे. तो चित्रपट आम्ही आमच्या एका सहकारी धर्मगुरूंसमवेत पाहिला. त्यांनी ग्रंथ वाचला नव्हता. बाहेर पडताना ते गप्प होते, डोळे पाणावले होते. आम्ही परतीच्या वाटेवर तासभर चुकांचा पाढा वाचला. ते निमूटपणे ऐकत राहिले. ग्रंथ वाचावयास देण्याची आमची फार इच्छा होती; त्यांनी तो कधीच मागितला नाही. आमच्या पांडित्याने त्या दिवशी एका वाचकाचा जन्म रोखला, असे आम्हाला पुढे वाटत राहिले.

टॉल्किन ह्यांचे पुत्र क्रिस्टोफर ह्यांनी वडिलांची अप्रकाशित हस्तलिखिते संपादण्यात आयुष्य वेचले. त्यांनी २०१२ साली एका फ्रेंच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत खंत व्यक्त केली की, चित्रपटांनी ग्रंथाचे तरुणांसाठीच्या हाणामारीत रूपांतर केले आणि त्याचे सौंदर्य व गांभीर्य हरवले. त्यानंतर २०१२ ते २०१४ ह्या काळात एका छोट्या 'हॉबिट'मधून तीन लांबलचक चित्रपट काढण्यात आले, तेव्हा त्यांच्या म्हणण्यातील तथ्य पुष्कळांना पटले.

पाच पर्वांची मालिका

चित्रपटाचे हक्क गेले तरी दीर्घ दूरचित्रवाणी मालिकेचे हक्क वारसांकडे राहिले होते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने ते घेतले. पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मोजल्याच्या बातम्या आल्या. पाच पर्वांची योजना जाहीर झाली. केवळ पहिल्या पर्वाचा खर्च ४६ कोटी डॉलरहून अधिक असल्याचे न्यूझीलंडच्या सरकारकडून २०२१ साली कळले. क्रिस्टोफर ह्यांनी २०१७ सालीच वारसा-संस्थेच्या संचालकपदाचा राजीनामा दिला होता. जानेवारी २०२० मध्ये ते निवर्तले. मालिका सुरू झाली २ सप्टेंबर २०२२ रोजी, टॉल्किन ह्यांच्या पुण्यतिथीला. पहिल्या दिवशी अडीच कोटी लोकांनी ती पाहिल्याचे कंपनीने सांगितले. दुसरे पर्व २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आले.

येथे एक पेच होता. कंपनीला 'द हॉबिट', 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि त्याच्या शेवटची परिशिष्टे एवढ्यांचाच वापर करण्याची मुभा होती. प्राचीन युगांची सविस्तर कथा सांगणारा 'द सिल्मारिलियन' हा ग्रंथ कराराबाहेर होता. म्हणजे परिशिष्टांतील सनावळ्या आणि त्रोटक नोंदी ह्यांतून तासन्‌तास चालणारे नाट्य उभारावयाचे होते. वाचकांची अपेक्षा मात्र पूर्ण ग्रंथाची होती.

त्यामुळे उठलेल्या तक्रारी सर्वच पोरकट नव्हत्या. परिशिष्टातील सनावळीप्रमाणे मुद्रिका घडविल्या गेल्यावर दीड हजाराहून अधिक वर्षांनी न्यूमेनॉर हे बेट समुद्रात बुडते. मालिकेने ह्या साऱ्या घटना एका माणसाच्या आयुष्यात बसवल्या. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू सडत जाणाऱ्या राज्याची शोकांतिका घाईची झाली. काळ आवळण्याविषयी १९५८ साली लेखकाने जी तक्रार केली, तीच ही.

ह्याउलट काही तक्रारींत वाचकच उणे पडले. एल्फ राणी गॅलाड्रिएल हिला सूडाने पेटलेली योद्धी म्हणून पाहताच अनेकांना धक्का बसला. ग्रंथातील शांत, तेजस्वी राणी त्यांच्या मनात होती. टॉल्किन ह्यांनी १९७१ साली एका पत्रात मान्य केले आहे की, तिच्या व्यक्तिरेखेवर पवित्र मरियेविषयीच्या कॅथलिक शिकवणुकीचे व कल्पनांचे ऋण आहे. परंतु त्याच पत्रात त्यांनी हेही सांगितले की, ती पश्चात्तापदग्ध आहे, तारुण्यात ती बंडखोरांच्या पुढाऱ्यांपैकी होती. तेव्हा तिचा उग्र पूर्वकाळ दाखवणे अगदीच निराधार नव्हते. मात्र मालिकेतील काळापर्यंत ती हजारो वर्षे जगलेली होती, हे विसरले गेले. चित्रपटांनी गाळलेला टॉम बॉम्बाडिल दुसऱ्या पर्वात अवतरला, पण आपले रान सोडून दूर पूर्वेकडच्या वाळवंटात. काहींना आनंद झाला, काहींना राग आला, आणि पुष्कळांना एकाच वेळी दोन्ही.

आता त्या ओसरीवरच्या वाक्याकडे वळू. मालिकेत एका एल्फची आणि एका बुटक्या राजकन्येची भूमिका कृष्णवर्णी कलावंतांनी केली आहे. ह्या कलावंतांवर वंशद्वेषी शिव्यांचा इतका भडिमार झाला की, मालिकेच्या कर्त्यांना जाहीर निषेध करावा लागला आणि जॅक्सन ह्यांच्या चित्रपटांतील हॉबिटांची कामे करणारे नट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शिव्या देणारे मूळ ग्रंथाशी निष्ठा सांगत होते. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हॉबिटांच्या एका शाखेची त्वचा इतरांहून अधिक तपकिरी असल्याचे लिहिले आहे. आणि १९३८ साली 'द हॉबिट' जर्मनीत छापू इच्छिणाऱ्या प्रकाशकाने टॉल्किन ह्यांना आर्यवंशाविषयी विचारणा केली, तेव्हा त्यांनी संतापून उत्तराचे दोन मसुदे लिहिले. त्यांपैकी एकात, ज्यू लोकांसारख्या गुणी समाजाचे रक्त आपल्या अंगी असल्याचे दिसत नाही ह्याबद्दल त्यांनी खेद दर्शविला आहे. अशा माणसाच्या नावाने वंशद्वेष करावा, ह्याहून मोठी अप्रामाणिकता कोणत्याही पटकथाकाराने केलेली नाही.

कारभारी

वाचकाला हक्क आहे, असे हा इतिहास पाहून आम्हाला वाटते. वाचकांनी मागितले म्हणून ग्रंथ लिहिला गेला. वाचक उठले म्हणून लेखकाला न्याय मिळाला. वाचकांनी कान उघाडणी केली म्हणून आर्वेनची कथा सुधारली. गाभा राखा, असे रूपांतर करणाऱ्याला बजावणे हे वाचकाचे कामच आहे. पण प्रत्येक केस, प्रत्येक दाढी, प्रत्येक टेकडी आमच्या मनातल्यासारखीच हवी, हा हट्ट निराळा.

ह्या हट्टाला ग्रंथातच एक चेहरा आहे. गॉलमचे मुद्रिकेवर प्रेमच होते. ती त्याने पाचशे वर्षे काळोखात जपली, कुणालाही दाखवली नाही, आणि ती जवळ बाळगता बाळगता तो स्वतःचे नावही विसरला. ज्यावर आपण प्रेम करतो ते दुसऱ्याच्या हाती दिसताच द्वेष वाटू लागला, तर समजावे की, मुद्रिका आपल्या बोटात चढली आहे. ह्याउलट गॅन्डाल्फ हा जादूगार गोंडोरच्या अधिपतीला सांगतो की, कोणतेही राज्य आपले नाही, तरी आपणही एक कारभारीच आहो. विश्वासू कारभाऱ्याचा दाखला शुभवर्तमानात वाचणाऱ्यांना हे बोल परके वाटू नयेत. कथेच्या बाबतीत लेखकाचे वारस, पटकथाकार आणि वाचक हे सर्व कारभारी आहेत. हिशेब सर्वांनाच द्यावा लागणार.

त्या रात्री आम्ही त्या युवकाला उपदेश केला नाही. सेमिनरीतल्या ओसरीवरचा तासभर आम्हाला आठवत नव्हता. आठवत होती ती सहकाऱ्यासमवेतची परतीची वाट. आम्ही आतून पहिला खंड आणला आणि प्रस्तावनेतील ती ओळ त्याला मोठ्याने वाचावयास सांगितली. त्याने वाचली, पुन्हा मनाशी वाचली आणि पुस्तक मिटले. "मालिका मला तरीही आवडली नाही, फादर," तो म्हणाला. ती आवडावी असा आमचा आग्रह नव्हताच. आम्हालाही तिच्यातले पुष्कळसे आवडले नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. सोबत त्याची धाकटी बहीण होती. तिने मालिका पाहिली होती, ग्रंथ पाहिला नव्हता. तिला पहिला खंड हवा होता. तो आम्ही तिच्या हाती दिला, आणि मालिकेतील चुकांविषयी त्या दिवशी कुणीही काही बोलले नाही.